छायाचित्रणाची शाळा निवडताना

बारावीचे निकाल लागले की गोमंतकातील घराघरांत ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. वैद्यकी आणि अभियांत्रिकी यांच्या पलीकडे पाहण्यास आपली पालक मंडळी अलीकडे तयार होऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मुलाने वा मुलीने ‘मला छायाचित्रकार व्हायचे आहे’ असे म्हटले, की घरात अजूनही शांतता पसरते. हा विरोध मावळलाच, तर मग दुसरे टोक गाठले जाते. दूरच्या शहरातील एखाद्या संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक हाती पडते आणि त्यातला झगमगीत स्टुडिओ पाहून बँकेतली ठेव मोडली जाते. वर्षअखेर मुलगा परततो तो एक प्रमाणपत्र आणि हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा घेऊन. असे प्रसंग टाळता येण्याजोगे आहेत, म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही कला आपल्याला परकी नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या सोसायटीच्या कार्यात मूळचे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. वैद्यक शिकलेल्या या गोमंतकीयाने त्या काळी कॅमेरा हाती धरला होता, हे आजच्या पालकांनी ध्यानी घ्यावे.

शाळेवाचून छायाचित्रकार होता येत नाही, असे मात्र नाही. रघु राय यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. कॅमेऱ्याची दीक्षा त्यांना थोरले बंधू एस. पॉल यांच्याकडून मिळाली. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकल्या, परंतु छायाचित्रण त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून. पुढे २०११ साली त्या पद्मविभूषणाच्या मानकरी ठरल्या. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. काढलेले चित्र पाहून ‘हे फसले आहे, आणि ते येथे फसले आहे’ असे स्पष्ट सांगणारे जाणते माणूस त्यांच्याजवळ होते. असे माणूस ज्याला घरी वा गावी लाभत नाही, त्याने शाळेत जावे. आणि असे माणूस जेथे आहे तीच शाळा निवडावी. आमच्या मते निवडीची खरी कसोटी एवढीच आहे.

या कसोटीवर संस्था पारखणे अवघड नाही. माहितीपत्रकात ज्यांची नावे ठळक छापलेली असतात, ते नामवंत प्रत्यक्ष किती दिवस शिकवतात, हे विचारावे. गतवर्षीच्या विद्यार्थ्यांचे काम दाखवा, असे म्हणावे. शिक्षकांची चित्रे पाहून संस्थेची परीक्षा होत नसते. विद्यार्थ्यांच्या चित्रांची सर्वांसमोर चिकित्सा दर आठवड्यास होते की वर्षातून एकदा, याची चौकशी करावी. फीच्या आकड्यात राहणे, जेवण, कॅमेरा, लेन्स आणि संगणक यांचा खर्च मिळवूनच बेरीज करावी. मध्येच सोडावे लागल्यास पैसे परत मिळतील काय, हे लेखी घ्यावे. मिळणारी पदवी मान्यताप्राप्त आहे की नुसते प्रमाणपत्र, हेही आधीच समजून घ्यावे. या प्रश्नांनी ज्या संस्थेच्या कपाळाला आठी पडते, तिचा उंबरठा ओलांडू नये.

पर्यायांची माहितीही नीट घ्यावयास हवी. पणजीत आल्तिनोवर १९७२ साली स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय आहे. तेथे उपयोजित कला घेणाऱ्यास छायाचित्रणाशी परिचय होतो आणि त्यासोबत रेखाटन व रचनाही शिकता येते. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेची वाटही अशीच आहे. अहमदाबादेत १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेचा छायाचित्रणाचा अभ्यासक्रम गांधीनगरला चालतो, पण तो पदवीनंतरचा आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटविषयी अनेकांचा घोटाळा होतो. १९६० पासून प्रभातच्या आवारात असलेल्या या संस्थेचा कॅमेऱ्याविषयीचा प्रमुख अभ्यासक्रम चित्रपटाच्या छायालेखनाचा आहे. स्थिरचित्रांची ओढ असणाऱ्याने हा भेद आधीच जाणावा.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. फी भरण्यापूर्वी काही महिने, हाती असेल त्या कॅमेऱ्याने, मग तो मोबाईलचा का असेना, आपल्याच गावाचे चित्रण करावे. रापण ओढणारे हात, देवळाच्या भिंतीवरील विटत चाललेली कावी, खाजन शेतातले बांध, चवथीची माटोळी बांधणारे आजोबा, श्रावणातला झाकोळलेला उजेड हे सारे शिकवणीची फी न घेता शिकवणारे आहे. त्यातली निवडक वीस चित्रे घेऊन एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराकडे जावे आणि त्याचे बोलणे मुकाट्याने ऐकावे. ते ऐकूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून बाहेर पडावेसे वाटले, तर त्या मुलाला शाळेत पाठवण्यास पालकांनी कचरू नये.

शासनासही आमचे सांगणे आहे. आल्तिनोवरील महाविद्यालयात या विषयाला अधिक तास, अधिक साधने आणि पूर्णवेळ शिक्षक मिळावेत. आज हुबेहूब चित्र यंत्रसुद्धा रचून देते. अशा काळात, प्रत्यक्ष जागी उभे राहून पाहिलेल्याची साक्ष देणाऱ्या डोळ्यांचे मोल वाढलेच आहे. गोमंतकाची चित्रे पर्यटकांनी पुष्कळ काढली. आता ती आपल्या मुलामुलींनी काढावीत, आणि त्यासाठी त्यांच्या आईबापांवर कर्जबाजारी होण्याची पाळी येऊ नये.