श्वापदाचा आकडा आणि वाचकाची जबाबदारी

बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकाकडे भविष्याचे वेळापत्रक म्हणून पाहणे हा आम्हांला वाचनाचा पराभव वाटतो. १९७० साली हॅल लिंडसे यांना दहा शिंगांच्या श्वापदात युरोपीय सामायिक बाजारपेठ दिसली. १९८१ मध्ये तिचे सभासद देश दहा झाले, १९८६ मध्ये बारा. शिंगे मात्र दहाच राहिली!

तेराव्या अध्यायातील ६६६ हा आकडा घ्या. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव त्या अक्षरांत लिहिले की बेरीज ६६६ होते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ आढळतो. लॅटिन रूपाप्रमाणे नेरोनमधील अखेरचा ‘न’ (मूल्य ५०) गाळला की नेमका तोच मिळतो. सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे तर सतरावा अध्यायच सांगतो. आणि रोम सात टेकड्यांचे नगर म्हणून ख्यात होते.

मग नेरो सापडला की काम संपले? येथेही आमचा विरोध आहे. प्रतीक म्हणजे कोडे नव्हे, की उत्तर मिळताच टाकून द्यावे. दानीएलाच्या सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चित्ता ही श्वापदे वेगवेगळी आहेत; योहान त्यांना एकाच देहात आणतो. पूर्वीच्या साम्राज्यांची सारी हिंस्रता रोममध्ये एकवटली आहे, हे तो आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना सांगत होता. त्या माणसांना वगळून लावलेला अर्थ कितीही चित्तथरारक असो, तो या ग्रंथाचा नव्हे. वर्गात प्रतीक शिकवताना ‘हे केव्हा घडेल’ याआधी ‘हे कोणासाठी लिहिले’ हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.