ओरलँडोची एक्सेल शीट

मे महिना जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास होतात. एक, भारतातून आई-बाबा येतात आणि त्यांच्या बॅगेतून गोडा मसाला, मेतकूट आणि कुणासाठी तरी शिवून आणलेले ब्लाउज निघतात. दोन, घरातलं कुणीतरी लॅपटॉप उघडून "ओरलँडो" नावाची एक्सेल शीट सुरू करतं. शीटला रंग असतात, फॉर्म्युले असतात. ९:१० ते ९:४५ अमुक राइड, १२:२० जेवण, आणि (मी स्वतः बघितलंय हो!) २:०५ ते २:१५ सू-सू ब्रेक :-)

ह्याच्या अगदी उलट पंथ म्हणजे "बघू रे तिथे गेल्यावर". ही मंडळी आरामात अकराला पोचतात, पहिल्याच राइडवर ९० मिनिटांची पाटी बघतात आणि मग दिवसभर रांगेत उभं राहून एक्सेलवाल्यांना नावं ठेवतात.

माझं मत असं की दोघंही अर्धेच बरोबर आहेत. कुठला अर्धा बरोबर, ते सांगायचा हा प्रयत्न.

आधी एक्सेलवाल्यांची बाजू घेतो, कारण जात माझी तीच. डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झालं तेव्हा मॅजिक किंग्डम हे एकच पार्क होतं. मग १९८२ ला एपकॉट, १९८९ ला आज ज्याला हॉलीवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ ला ॲनिमल किंग्डम. रांगा वाढत गेल्या तसं १९९९ मध्ये फास्टपास आला. मशीनमध्ये तिकीट घाला, चिठ्ठी घ्या, सांगितलेल्या वेळी परत या. फुकट! २०१४ च्या सुमारास त्याचं फास्टपास प्लस झालं आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी बुकिंग करता यायला लागलं. म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला आपल्याला उडत्या हत्तीत बसावंसं वाटणार आहे की नाही, हे आजच ठरवायचं. २०२१ मध्ये तेही गेलं, पैसे भरून घ्यायचं जिनी प्लस आलं. २०२४ च्या जुलैत त्याच्या जागी लायटनिंग लेन मल्टि पास आला. हॉटेलात राहणाऱ्यांनी ७ दिवस आधी राइड निवडायच्या, बाकीच्यांनी ३ दिवस आधी. तिरुपतीच्या ३०० रुपयेवाल्या दर्शनाचा स्लॉट ज्यांनी ऑनलाइन काढलाय, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. देव वेगळा, रांग तीच.

तर अशा ठिकाणी, माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट काढून, काहीच न ठरवता जाणं म्हणजे उत्स्फूर्तपणा नव्हे. तो निव्वळ आळस. इथपर्यंत एक्सेलवाले बरोबर.

पण पुढे काय होतं? सकाळी आठ ते रात्री दहा, प्रत्येक खण भरला जातो. आपल्याकडच्या ग्रुप टूरचं ते पाच-सहा-सात असतं ना, पाचला उठा, सहाला नाश्ता, सातला बस, तसंच. फरक एवढाच की इथे टूर मॅनेजर आपणच, आणि शिव्याही आपल्यालाच.

आणि ही भरगच्च शीट गणितातही टिकत नाही. समजा दिवसात ओळीने आठ गोष्टी ठरवल्या आणि प्रत्येक वेळेवर होण्याची शक्यता ९० टक्के धरली. सगळ्या वेळेवर होण्याची शक्यता किती? ०.९ आठ वेळा गुणा. ४३ टक्के. निम्म्याहून कमी! त्यात फ्लोरिडाचा उन्हाळा. दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद. हे अधूनमधून नाही, जवळजवळ रोजचंच.

ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना दुसरं गणितही पाठ असेल. रांगांच्या साध्यात साध्या मॉडेलमध्ये सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेएवढं थांबावं लागतं. ८० टक्क्यांना चौपट, ९० ला नऊपट, ९५ ला एकोणीस पट. शेवटचे थोडेसे टक्के भरायला गेलं की सगळं तुंबतं. म्हणून ऑफिसात कुणी शहाणा माणूस सर्व्हर ९५ टक्क्यांवर चालवत नाही. मग सुट्टीत आई-बाबांना का चालवायचं?

खरी अडचण मात्र गणिताची नाहीच. सर्व्हर तुंबला की अलर्ट येतो. आपल्या आई-बाबांना अलर्ट नसतो.

"बाबा, दमलात का?" "छे छे, मला काय झालंय?" "आई, बसायचं का जरा?" "आमचं काय रे, तुमचं होऊ दे आधी." त्यांना माहीत असतं की तिकिटं महाग आहेत, मुलानं रजा टाकलीय, सुनेनं रात्र-रात्र बसून बुकिंग केलंय. एपकॉटमधल्या तळ्याभोवतीच्या अकरा देशांची एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. दुखणारा गुडघा घेऊन ती माउली जपानपासून मोरोक्कोपर्यंत चालत जाईल, पण थांबू या म्हणणार नाही. व्हीलचेअर प्रवेशद्वाराशीच भाड्याने मिळते, ती घेऊ म्हटलं तर "मी काय म्हातारी झाले का?"

म्हणून मला वाटतं, मोकळा वेळ ही अशा प्रवासात मागून मिळणारी गोष्ट नाही. ज्याला तो सगळ्यात जास्त हवाय तो कधीच मागणार नाही. तो आधीच ठेवावा लागतो, शीटमध्ये, बुकिंगच्या पहिल्या रात्री. उत्स्फूर्तपणाचंही प्लॅनिंग लागतं, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आहे हे असं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा दुपारचे चार तास कोरे होते. बाबांचं आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. मॅजिक किंग्डमच्या दारातच स्टेशन आहे, तिथे वाफेचं इंजिन उभं दिसलं आणि बाबा जे थांबले ते थांबलेच. तिथली चारही इंजिनं खेळण्यातली नाहीत, खरीखुरी आहेत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ च्या दरम्यान बनलेली, मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबलेली, आणि तिथून विकत आणून दुरुस्त केलेली. गाडी पार्कभोवती साधारण वीस मिनिटांत फेरी मारते. बाबांनी तीन फेऱ्या मारल्या. नातवाला शेजारी बसवून बॉयलर म्हणजे काय, शिट्टी कशी वाजते, लहान असताना मला कधी न सांगितलेलं सगळं सांगितलं. ह्या गोष्टीला बुकिंग नव्हतं, आणि एकाही "टॉप टेन" यादीत ती मला सापडली नव्हती. खण भरलेला असता तर मी घड्याळ बघत "बाबा, चला" म्हटलं असतं, आणि ते निमूट चालू लागले असते. मला कळलंही नसतं.

असो. तर माझा हिशोब असा.

जे दुर्मिळ आहे आणि हुकलं तर परत मिळणार नाही, तेवढंच बुक करायचं. घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, "एकच सांग, काय राहिलं तर चुटपुट लागेल?" माणशी एक. यादी तिथे संपली. सकाळ कडक प्लॅनची. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर अर्धा तास आधी आत सोडतात, तो सोडू नका, पहिल्या दोन तासांत जे होतं ते दुपारी होत नाही. लहान मूल असेल तर रायडर स्विच विचारा. एकानं राइड घ्यायची, दुसऱ्यानं मुलाजवळ थांबायचं, मग अदलाबदल, पुन्हा पूर्ण रांग न लावता. बारा ते चार शीट कोरी. ऊन तेव्हाच, पाऊस तेव्हाच, गर्दीही तेव्हाच. खोलीवर जाऊन झोपा, नाहीतर बाकावर बसून लोक बघा. संध्याकाळी ठरलेली गोष्ट एकच. बास.

आणि "दमलात का?" हा प्रश्न बाद. त्याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी "आता तुम्ही सांगाल तिकडे" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा "तुम्हीच ठरवा" येईल. गप्पच बसायचं. दुसऱ्या मिनिटाला बोट कुठेतरी दाखवलं जातं.

ह्यावर ठरलेला आक्षेप: "एवढे पैसे भरून चार तास वाया?" एक तास म्हणजे इतके डॉलर, असा भागाकार मीही करू शकतो. पण तिकीट कितीही राइड घेतल्या तरी तेवढंच राहतं. चौदाव्या राइडनं काही परत मिळत नाही. उलट अमेरिकेचा प्रवास आई-बाबांना दर वर्षी झेपेल असं नाही. ह्या वर्षी गुडघा आहे, पुढच्या वर्षी आणखी काही असेल. त्यांच्याबरोबरच्या किती दुपारी शिल्लक आहेत, त्याचा फॉर्म्युला कुठल्याच एक्सेलमध्ये नाही.

तेव्हा ज्यांची शीट ह्या वीकेंडला तयार होतेय, त्यांनी एवढंच करा. बारा ते चारचे खण निवडा, डिलीट दाबा, आणि सेव्ह करा.