माझं पाणी माझ्या कमरेला

एकदिवसीय ट्रेकची सूचनायादी व्हॉट्सॅपवर येऊन पडली की मी आधी चौथा-पाचवा मुद्दा वाचते. तिथे ते वाक्य असतंच : 'दोन्ही खांद्यांना अडकवायची सॅक अनिवार्य. झोळी, हँडबॅग, वेस्ट पाऊच चालणार नाहीत.' झोळी आणि हँडबॅगला खुशाल हाकला. पण कमरेच्या बॅगेला त्यांच्या रांगेत उभं करणं मला अजिबात मान्य नाही आणि आज त्याबद्दल जरा तावातावाने लिहिणार आहे. नातेवाइकांपैकी ज्यांना 'हिचं आता हे काय नवीन' असं वाटेल, त्यांनी पुढच्या लेखापर्यंत थांबावं. (दादा, तू मात्र वाच. तुझ्या मानेसाठीच लिहितेय निम्मं.)

नियम मुळात शहाणपणाचा आहे, हे आधीच कबूल करते. डोंगरात हात मोकळे हवेत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर एका हातात डब्याची पिशवी घेऊन चढणारे लोक मी पाहिलेत आणि बघताना माझ्याच पोटात गोळा आला होता. एका खांद्यावरची झोळी वाकलं की पुढे येते, नेमकी पाय ठेवायची जागा झाकते. तेव्हा ज्याने पहिल्यांदा ही ओळ लिहिली त्याला नमस्कार. पण नियम हात मोकळे राहावेत म्हणून होता. पुढे यादी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कारण गळून पडलं आणि 'दोन्ही खांदे' तेवढे उरले.

'वेस्ट पाऊच' म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काय येतं तेही मला माहीत आहे. केसरी रंगाची टोपी घालून परदेश सहलीला निघालेले काका आणि त्यांच्या ढेरीवर पासपोर्टची चिमुकली पिशवी. मी त्याबद्दल बोलत नाहीये. लंबर पॅक नावाची जी वस्तू आहे ती पाठीमागे, माकडहाडाच्या वर बसते. साधारण पाच ते बारा लिटरची असते, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्यांचे कप्पे असतात आणि मुख्य म्हणजे तिला रुंद, गादी भरलेला पट्टा असतो. अमेरिकेत कोलोराडोतली माउंटनस्मिथ नावाची कंपनी कित्येक दशकं हेच बनवते आहे. म्हणजे कुणा फॅशनवाल्याच्या डोक्यातून परवा निघालेली ही चीज नव्हे.

आणि आपल्याला तर याचं नवल वाटायलाच नको. पैशांचा कसा कमरेला, पान-तंबाखूची चंची कमरेला, सुटे पैसे कनवटीला. कामाला लागायचं तरी आपण कंबरच कसतो! त्याहून मोठा पुरावा हवा असेल तर विहिरीवरून येणारी बाई आठवा. कळशी कुठे असते तिची? कडेवर. पोर कुठे असतं? कडेवर. खांद्याला दोरी बांधून कळशी पाठीवर टाकायचं तिच्या मनात येत नाही, कारण कमरेखालचं ते हाड वजन पेलायलाच आहे हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. तिथून भार थेट पायांत उतरतो. खांद्यावर टाकलेला भार मात्र मान, पाठ, मणका असं सगळ्या घराला जागं करत खाली येतो.

'अहो पण सॅकलाही कमरेचा पट्टा असतो की!' असतो. चांगल्या, मोठ्या, पाठीला फ्रेम असलेल्या सॅकचा बहुतेक भार खरोखरच कमरेवर जातो, आणि चार दिवसांच्या ट्रेकला मी मुकाट्याने तीच घ्या म्हणेन. पण आपण एक दिवसासाठी जी वीस-पंचवीस लिटरची सॅक घेतो तिचा पट्टा बघितलाय कधी? बोटभर रुंद नाडी. सॅक डुलू नये एवढंच तिचं काम. भार पेलणं तिच्या कुंडलीत नाही. तिची फ्रेम म्हणजे आत घातलेला फोमचा तुकडा. तेव्हा डे सॅकची वकिली करताना कृपया मोठ्या सॅकचे गुण तिच्या नावावर खपवू नका.

आता हे सगळं मला एवढं का लागलंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीत गाठतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखीनच. वेणी घालता येईना, मागे हात नेता येईना, मग सॅकचे पट्टे चढवणं तर लांबच. ट्रेकला गेले तेव्हा ग्रुपमधली मुलं गोड होती. 'द्या काकू, सॅक द्या, आम्ही घेतो.' आणि घेतलीच. राजगड होता, ऑक्टोबरातलं ऊन. ज्यांना ऑक्टोबर हीट फक्त घरात माहीत आहे त्यांना सांगते, दहा वाजता गुंजवण्याच्या वाटेवर झाडी संपली की आपण तव्यावर असतो. मुलं पंचवीस वर्षांची. ती पुढे गेली. त्यांच्याबरोबर माझी सॅक गेली, सॅकमध्ये माझं पाणी. मी मागे, माझ्या गतीने, आणि माझं पाणी माझ्या पाऊण तास आधी गड चढून पद्मावती माचीवर जाऊन बसलं होतं!

वाटेत ताक विकणाऱ्या एका मावशींनी निभावलं. त्या भेटल्या नसत्या तर काय, हा विचार मी अजूनही फार वेळ करत नाही. मागे राहायची जबाबदारी ज्याच्यावर होती तो गृहस्थ कुणाचा तरी फोटो काढत कुठे होता कोण जाणे. वर पोचल्यावर सगळे म्हणाले, 'काकू, बॅगचं ओझं नव्हतं म्हणून बरं.' ओझं! उन्हाळ्यात गडांवरची टाकी आटतात, असलेलं पाणीही कित्येक ठिकाणी पिण्याजोगं नसतं, आणि अशा डोंगरात माणसापासून त्याचं पाणी वेगळं करायचं आणि त्याला मदत म्हणायचं? हे चांगुलपणाने होतं म्हणून कुणी काही बोलत नाही. आमच्या वयाच्या बायका तर मुळीच नाही. उलट 'कशाला त्रास यांना' म्हणून हळूहळू जायच्याच बंद होतात. माझ्या ओळखीतल्या दोघी अशाच थांबल्या, एक खांद्यामुळे, एक मानेच्या मणक्यामुळे. दोघींचे पाय उत्तम आहेत. चालायचं पायांनी आणि निवृत्ती खांद्यामुळे, हा कुठला न्याय?

तेव्हा मी बॅग शोधायला लागले. एका दुकानात 'कमरेची दाखवा' म्हटल्यावर तिथल्या मुलाने मोबाइल-किल्ल्या मावतील एवढी पिशवी काढली. 'याहून मोठी?' म्हटलं तर थेट पस्तीस लिटरची सॅक. 'मॅडम, पुढेमागे हिमालयात जाल, तेव्हाही होईल.' अरे बाबा, मला रविवारी लोहगडाला जायचंय! शेवटी भाच्याकडून मागवली. पण त्या शोधात बरंच कळलं, ते लिहून ठेवते.

लिटर नंतर विचारा. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपलं सामान ठेवा. माझं असं भरलं : दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, धपाटी-चटणीचा डबा तीनशे ग्रॅम, विंडचीटर तीनशे, फोन दोनशे, औषधं-बँडेज दीडशे, गूळ-शेंगदाणे आणि इलेक्ट्रालची पाकिटं मिळून दीडशे, कपाळावरचा टॉर्च ऐंशी. सव्वातीन किलोला थोडं कमी, आणि रिकामी बॅग सातशे. चार किलोच्या आत सगळा संसार. यापुढे मात्र कमरेची बॅग छळते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चार किलोच्या वर जायचं असेल तर माझ्याशी भांडू नका, सॅक घ्या. पण दिवसभराच्या ट्रेकला चार किलोच्या वर नेमकं काय नेता, हे एकदा बघा. दुसरी जीन्स? भेळेचं अख्खं सामान?

खरी परीक्षा पट्ट्याची. नुसती कापडी पट्टी असलेली बॅग कितीही सुंदर असो, परत ठेवा. मागे चार बोटं रुंद, आत गादी, बाजूला कुशीपर्यंत आलेली आणि पुढे बकलकडे निमुळती होणारी, असा पट्टा हवा. तो बांधायचा कुठे यावर तर सगळं अवलंबून आहे. पोटावर नाही! कमरेवर हात ठेवून भांडायला उभं राहतो ना आपण, तेव्हा बोटांना जी हाडं लागतात त्यांच्यावर. पोटावर बांधली की जेवणानंतर श्वास लागतो, बॅग घसरून बुडावर येते, आणि मग लोक म्हणतात कमरेची बॅग वाईट. बकल ओढायचे पट्टे पुढे खेचायचे असले तर दुखऱ्या खांद्याच्या माणसालाही बसल्याजागी आवळता येतात. आम्हा बायकांसाठी एक जास्तीचं : सलवारीच्या नाडीची गाठ पट्ट्याखाली आली तर संध्याकाळपर्यंत तिथे पोळल्यासारखं होतं. इलॅस्टिकची पँट घाला.

दुसरं म्हणजे पोट. माझं नव्हे, बॅगेचं. खोल, मागे डेरेदार निघालेली बॅग भरली की वरून मागे कलंडते आणि पावलागणिक कमरेवर आपटते. रुंद आणि चपटी घ्या. बॅगेच्या वरच्या कोपऱ्यांपासून पट्ट्यापर्यंत येणारे दोन छोटे आवळपट्टे असले तर ती पाठीला चिकटून राहते, आणि ते नसतील तर मी तरी घेणार नाही. दुकानात रिकामी बॅग बांधून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या बरोबर न्या, भरा, बांधा आणि दुकानाचा जिना दोनदा चढा-उतरा. दुकानदार हसेल. हसू दे.

बाटल्या बुटक्या आणि जाड हव्यात. उंच बाटलीचं टोक दर पावलाला कोपराला लागतं. कप्पे किंचित पुढे कललेले असले की न थांबता, बॅग न काढता, एका हाताने बाटली निघते आणि परतही जाते. सॅकच्या बाजूच्या खिशातली बाटली स्वतःची स्वतःला काढता येणारे किती जण आहेत? 'ए, जरा माझी बाटली काढ ना' हे वाक्य प्रत्येक ट्रेकला शंभरदा ऐकू येतं. आणि मागायचा कंटाळा आला की माणूस पाणी पीतच नाही.

चेनी, जाळ्या, बावीस कप्पे यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

तोटे आहेतच. आपल्या सह्याद्रीत घसाऱ्यावर सगळेच कधी ना कधी बूड टेकून उतरतात. तेव्हा ही बॅग मागच्या दगडाला टेकते आणि आपल्याला पुढे ढकलते. हे साधं नाही. अशा जागेआधी पट्टा थोडा सैल करून ती कुशीवर फिरवून घ्यायची आणि खाली आल्यावर पुन्हा मागे. पावसाळ्यात रेनकोटच्या आत ती मावत नाही, बाहेर भिजते, म्हणून सामान आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि ज्यांची दुखणी कमरेतच आहेत, गादी सरकलेली किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी माझं न ऐकता डॉक्टरांना विचारावं.

पण याच राजगडावर चोरदरवाज्यातून आत शिरताना वाकावं लागतं. तिथे पुढच्याची सॅक वर चौकटीला अडते, तो मागे झोक खातो आणि खालचा रेलिंगला घट्ट धरून देवाचं नाव घेतो. कमरेची बॅग तिथे कशालाच अडत नाही. वजन खाली असल्यामुळे मागे खेचल्यासारखंही होत नाही. पाठ कोरडी राहते हे वर आणखी, नाहीतर कोकणकड्याच्या दमट हवेत सॅकखाली शर्ट पिळून काढावा लागतो.

तर यादी लिहिणाऱ्या दादा-ताईंनो, तुमच्या त्या ओळीत एवढाच बदल करा : 'दोन्ही हात मोकळे राहतील आणि दोन लिटर पाणी स्वतःच्या अंगावर राहील अशी बॅग.' झोळी आपोआप बाद होते, ढेरीवरचा पाऊच आपोआप बाद होतो. आणि कुणा काकूंची सॅक प्रेमाने घेणार असाल तर आधी तिच्यातली बाटली काढून त्यांच्या हातात द्या, मग पळा.

हो, रंग राहिला. माझी भगव्याच्या जवळ जाणारी नारिंगी आहे, दादा म्हणतो डोळ्यांत भरते. काळी घेऊ नका. जेवायला बसताना काढून ठेवली की काळ्या कातळावर सापडत नाही, आणि माकडांना ती आपल्याआधी सापडते.