छंद आणि शास्त्र : अंधाऱ्या खोलींतील दिवा

दिव्याभोंवतीं तांबडा कागद गुंडाळला कीं छायाचित्रें धुण्यास खोली सिद्ध झाली, ही समजूत चुकीची आहे. ब्रोमाइड कागदास निळा प्रकाश बाधतो, आणि वरून तांबड्या दिसणाऱ्या दिव्यांतूनहि तो निसटूं शकतो. याकरितां दिव्याची परीक्षा घ्यावी. १५ वॅटचा दिवा ४ फुटांवर टांगून कोऱ्या ब्रोमाइड कागदावर नाणें ठेवावें; ५ मिनिटांनीं नाणें उचलून कागद नेहमींप्रमाणें रसायनांत धुवावा. नाण्याचें पांढरें वर्तुळ उमटल्यास तो दिवा त्याज्य समजावा. पँक्रोमॅटिक फिल्मला मात्र तांबडा प्रकाशहि बाधतो. ती संपूर्ण काळोखांतच हाताळावी. कागद बिघडला तर दुसरा छापतां येईल. फिल्म बिघडल्यास मुंजीचा प्रसंग पुन्हां कोठून आणावयाचा?