यंत्रमागाच्या गाळ्यात कायदा का पोहोचत नाही?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जण दगावले. त्यांत मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, कामगार होते, एक तान्हे मूलही होते. कापडबाजारात काही दिवस हळहळ झाली. मग पुन्हा सुताचा भाव आणि ग्रे कापडाची उधारी.

अशा वेळी आपण सरकारी निरीक्षकाला दोष देऊन मोकळे होतो. पण आपल्या धंद्याची रचनाच अशी आहे की निरीक्षकाने यावे तरी कोठे? १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले तर तिला कारखाना म्हटले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा २० आहे. कायदा माणसे मोजतो, आणि माणसे कमी दाखवणे आपल्याला चांगले जमते. छप्पर एक, भिंत मध्ये नाही, पण आठ माग थोरल्या भावाच्या नावावर, आठ धाकट्याच्या आणि चार बेगमच्या. कागदावर तीन छोटे धंदे झाले. आग लागली तर ती काही नोंदी पाहून थांबणार नाही.

याउलट सायझिंगचा बॉयलर पाहा. त्याच्याजवळ दोन माणसे असोत की दोनशे, नोंदणी आणि तपासणीचा दाखला असल्याशिवाय तो चालवता येत नाही. तेथे यंत्र धोक्याचे आहे एवढेच पाहतात. मागाला हाच न्याय का नाही? माग किती, हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. वीजसवलतीच्या वेळी आपणच सांगतो. २७ अश्वशक्तीच्या आत की बाहेर, हे प्रत्येक मागवाल्याला पाठ आहे.

धोके काही छुपे नाहीत. छतावर, दिव्यांवर, तारांवर तुसाचे थर बसलेले, जुने वायरिंग, बाहेर पडायला एकच शटर आणि त्याच्या तोंडाशी ताग्यांची थप्पी. रात्री कारागीर तेथेच झोपतात. कानांचे म्हणाल तर कारखान्यांच्या नियमांत आवाजाची मर्यादा ९० डेसिबल, तीही आठ तासांच्या पाळीला. आपले साधे माग ती सहज ओलांडतात आणि पाळी बारा तासांची. सुती धुळीने छाती आवळते तो बिसिनोसिस नुकसानभरपाईच्या कायद्यात धंद्याचा आजार म्हणून नोंदलेला आहे. सूतगिरणीत तो अधिक, विणाईत कमी, पण नाही असे नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त, म्हणून इंग्रजांच्या गिरण्यांत त्याला सोमवारचा आजार म्हणत. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणजे आमच्याकडे तो शनिवारचा. कारागीर त्याला ‘दमा’ म्हणतो, डॉक्टरही तेच लिहितो, आणि प्रकरण संपते.

आता आम्हा व्यापाऱ्यांविषयी. सूत माझे, बीम माझे, कापड माझे. गाळा तेवढा दुसऱ्याचा. १९२३ च्या भरपाई कायद्यात ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मुख्य मालकावर टाकणारे कलम होते, पण त्यातच वाटही होती: अपघात त्याच्या ताब्यातील जागेबाहेर झाला तर तो सुटला. माझे तीस वर्षांचे व्यापारी आयुष्य या वाटेनेच गेले, हे कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा माल असलेल्या एका गाळ्यात मागातून धोटा उडाला आणि एका जवान कारागिराचा डोळा गेला. मागवाल्याचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “बीम किती राहिला?” त्या मागावर धोट्याचे गार्ड नव्हते. तुटलेला धागा जोडताना ते आडवे येते, मीटर कमी पडतात, म्हणून कारागिराने स्वतःच काढून ठेवले होते. मजुरी मीटरवर असेल तर तो दुसरे काय करणार? आणि तो मीटरचा दर मागवाला ठरवत नाही, बाजारात आम्ही ठरवतो.

विम्याचा खर्च किती, तेही मांडतो. कामगार राज्य विम्यात १ जुलै २०१९ पासून मालकाचा हप्ता सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. पंधरा हजार पगारावर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. आमच्या दलालीत आणि ‘डॅमेज’च्या कापणीत याहून जास्त जाते.

आणखी एक. सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावा, असे १९४८ च्या कायद्यातच होते. मी उर्दू शाळेत शिकलो, मराठी दुकानावर बसून आली. आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही गाळ्यात आग लागल्यास काय करावे हे उर्दूत लिहिलेले मी पाहिलेले नाही. हा फलक लावायला निरीक्षकाची वाट कशाला?

गेल्या दिवाळीपासून मी माझ्या मागवाल्यांना मजुरीवर मीटरमागे थोडी रक्कम वेगळी देतो. अट एवढीच, की मागचा दरवाजा उघडा राहील, वायरिंग बदलेल, गार्ड लागेल. दोघांनी केले. तिसरा म्हणाला, “हाजीसाहेब, तुमच्या एकट्याच्या पैशात अर्धेच वायरिंग होते. माझ्या गाळ्यात चार व्यापाऱ्यांचा माल चालतो, बाकीच्या तिघांना कोण सांगणार?” त्या तिघांशी बोलायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. त्यांतले दोघे हे साप्ताहिक वाचतात.