गर्दी नसलेला मंगळवार

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अर्धे रिकामे झालेले असतील, चकल्या मऊ पडू लागल्या असतील आणि फटाके संपल्यामुळे घरातल्या मुलांचे लक्ष आईबापांकडे वळलेले असेल. "बाबा, आपण त्या पाळण्यांच्या बागेत कधी जायचं?" हा प्रश्न भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास विचारला जातो, असा माझा अनुभव आहे. वाचकहो, आपल्याही घरी तो विचारला गेला असेल, तर चपला पायांत घालण्यापूर्वी एवढे चार शब्द वाचून घ्या. अनारसे कसे फसतात ते फसलेल्या माणसाने सांगावे, तसाच गर्दीचा दिवस कोणता हे त्या दिवशी जाऊन आलेल्या माणसाने सांगावे. मी दोनदा जाऊन आलो आहे.

पहिल्यांदा गेलो तो असाच दिवाळीच्या सुटीत. कोणत्या उद्यानात गेलो ते सांगत नाही, कारण दोष उद्यानाचा नव्हता, दिवस निवडणाऱ्याचा होता. घरातून निघताना आम्ही सहा जण होतो: मी, सौभाग्यवती, दोन चिरंजीव, एक कन्या आणि आई. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिचे गुडघे दहा मिनिटांच्या वर उभे राहू देत नाहीत. पण "आम्ही जातो, तू घरी बस" असे म्हणण्याची माझी छाती झाली नाही. आणि "मला नको तिथे" असे म्हणण्याइतकी ती खोटे बोलत नाही.

फाटकात शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पहिल्या पाळण्याच्या रांगेला दोन वळसे पडलेले. दुसऱ्याच्या रांगेचे टोक सापडेना. संध्याकाळपर्यंत मुलांची चार पाळण्यांत वर्णी लागली. आई सबंध दिवस एका बाकावर बसून होती. तिच्या मांडीवर तीन पिशव्या, पायांशी पाण्याच्या बाटल्या आणि शेजारी धाकट्याचे बूट. परतताना मी ओशाळून विचारले, "आई, कंटाळलीस ना?" ती म्हणाली, "छे रे! किती माणसं बघायला मिळाली."

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. कारण ते मी पूर्वी ऐकले होते. आम्ही भावंडे लहान असताना वडील आम्हांला राणीच्या बागेत नेत. भायखळ्याची ही बाग १८६२ सालापासूनची. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. वडिलांना सुटी फक्त रविवारची, आणि रविवारी सगळ्या मुंबईलाच सुटी. त्या काळी तिथे हत्तीवर बसायला मिळे. हत्तीपुढे ही रांग! आम्ही मुले वडिलांबरोबर रांगेत, आणि आई झाडाखाली पिशव्या घेऊन. "तुम्ही बसा हत्तीवर, मी सामान बघते." ती हत्तीवर कधीच बसली नाही. आमच्या घराण्यात सामान सांभाळण्याचे खाते एकाच माणसाकडे आहे आणि पन्नास वर्षांत त्याची बदली झालेली नाही.

तेव्हा ठरवले, आईला एकदा तरी बाकावरून उठवायचे. आणि तिला रांगेत उभे राहता येत नसेल, तर रांग नसेल असा दिवस शोधायचा.

दुसऱ्या खेपेला मी स्वतःच्या अकलेने चाललो. सुटी नको, शनिवार-रविवार नको, म्हणून डिसेंबरातला बुधवार निवडला. हवा थंड, मुलांची सहामाही होऊन गेलेली. मनात म्हटले, आज बाग आपलीच! तिथे पोचलो तो बाहेर बसगाड्या ओळीने उभ्या. प्रत्येक बसमधून एकसारखे गणवेश घातलेली, शिट्टीवर चालणारी फौज उतरत होती. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि सहली आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच निघतात, ही गोष्ट तीन मुलांच्या बापाला ठाऊक असायला हवी होती. आई न बोलता ओळखीच्या बाकाकडे चालू लागली.

घरी आल्यावर मी दाजींकडे गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेच्या वेळापत्रक विभागात त्यांचा जन्म गेला. माझी कहाणी ऐकून त्यांनी पेन्सिल मागितली.

"एका पाळण्यात किती माणसं बसतात?"

"चोवीस."

"चढणं-उतरणं धरून एका फेरीला वेळ किती?"

"चार मिनिटं."

"म्हणजे तासाला पंधरा फेऱ्या, तीनशे साठ माणसं. आता तासाला तीनशे माणसं आली तर रांग जवळजवळ लागतच नाही. पण चारशे ऐंशी आली, तर दर तासाला एकशेवीस माणसं शिल्लक राहतात. दहा वाजता बाग उघडली, तर एक वाजता रांगेत किती?"

"तीनशे साठ."

"म्हणजे दहाला येणारा लगेच बसला आणि एकला येणारा तासभर उभा. पाळणा तोच, दिवस तोच." दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "गर्दी दुप्पट झाली की रांग दुप्पट होते, असं लोक समजतात. तसं नाही. क्षमतेच्या खाली आहे तोवर रांग दिसत नाही. वर गेली की वाढतच जाते. तुला रिकामी बाग नकोच आहे. एक तृतीयांश माणसं कमी असलेली बाग पुरे."

दाजींचे हे ज्ञान नुसते रेल्वेतले नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने टेलिफोनच्या खोळंब्याचा हिशेब १९०९ सालीच मांडला होता, आणि त्यातूनच पुढे रांगांचे एक शास्त्र उभे राहिले. आपण मात्र अजून 'चला, बघू नशिबात काय आहे ते' असे म्हणून घराबाहेर पडतो.

गर्दीपुढे भल्याभल्यांची अक्कल गुंग झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम गावी वॉल्ट डिस्ने यांचे 'डिस्नेलँड' १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्या दिवशी प्रवेश फक्त निमंत्रितांना होता. पण खोटी तिकिटे निघाली आणि अठ्ठावीस हजारांवर माणसे आत शिरली. उन्हाने नवे डांबर इतके मऊ झाले होते की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचीही टंचाई झाली. जगातल्या या सर्वांत नावाजलेल्या बागेचा पहिला दिवस हाच तिथे जाण्याला सर्वांत वाईट दिवस होता! पुढे १९९९ साली त्याच कंपनीने रांगेत उभे न राहता आपली वेळ राखून ठेवण्याची सोय काढली. आता आपल्याकडेही काही बागांत जादा पैसे भरून लवकर आत जाण्याचे तिकीट मिळते. पण सहा जणांच्या कुटुंबाने ते काढले, तर पुढच्या महिन्याच्या किराणा मालाच्या यादीवर काट मारावी लागते.

ही बाग काढावी असे डिस्ने यांना का वाटले, ते वाचून मी थबकलो. ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसवायला नेत. मुली घोड्यांवर फिरत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खाई. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आले की, थोरांना आणि मुलांना मिळून मौज करता येईल अशी एखादी जागा हवी. एवढे मोठे साम्राज्य बाकावर बसून राहण्याच्या कंटाळ्यातून निघाले, आणि आमच्याकडे आई अजून बाकावरच होती.

मी आणि दाजी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढून बसलो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मे महिन्याची सुटी. त्यातच उकाड्यामुळे पाण्याच्या बागांवर झुंबड. दिवाळीची सुटी, नाताळ ते नवे वर्ष, आणि शनिवार-रविवारला जोडून येणारे पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर, सव्वीस जानेवारी, हे सगळे बाद. हिवाळ्यातले कामाचे दिवस सहलींमुळे बाद. जुलै-ऑगस्टात माणसे कमी, पण मोठा पाऊस आला की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. उरला सप्टेंबरचा उत्तरार्ध. शाळा चालू, पाऊस ओसरत आलेला, गणपती होऊन गेल्यामुळे खिसे हलके, आणि दसरा-दिवाळीच्या खर्चासाठी लोक हात राखून असलेले. त्यातही मंगळवार-बुधवार.

दाजींनी पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि एकदम घसा खाकरला. तो पितृपक्ष होता.

"माणसं कमी का असतात ते आता कळलं," दाजी म्हणाले, "पण सासूबाईंना सांगणार कोण?"

सौ. म्हणाली, "अहो, पितृपक्षात झोपाळ्यावर बसायला नेणार आईंना? लोक काय म्हणतील?" मी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच कॅलेंडरावरच्या चौकोनाबद्दल विचारले. मी चाचरत सगळा हिशेब सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांची तिथी पंचमी, रविवारी येते. रविवारी पान वाढू. मग मंगळवारी जायला काय हरकत आहे? पंधरा दिवस पितर खाली येतात म्हणतात ना? येऊ देत त्यांनाही बरोबर. त्यांना मंगळवारची रजा कधी मिळाली नाही."

राहिला प्रश्न शाळेच्या रजेचा. मी सवयीने 'मुलीस ताप आल्यामुळे' असे लिहू लागलो होतो. आईने कागद ओढून घेतला. "माझ्यापायी पोरीला ताप आणू नकोस. खरं लिही." तेव्हा 'आजीस रांगेत उभे राहता येत नसल्याने, गर्दी नसलेल्या दिवशी उद्यानात नेण्यासाठी' असा रजेचा अर्ज गेला. वर्गशिक्षिकांनी खाली लिहून पाठवले: 'परवानगी आहे. आजींना नमस्कार.'

मी आधी उद्यानात टेलिफोन करून घेतला. मंदीच्या दिवसांत काही पाळणे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, आणि काही बागा आठवड्यातून एक दिवस बंदही असतात, तेव्हा विचारलेले बरे. कामाच्या दिवशी तिकीटही पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडते. फाटक उघडण्यापूर्वी अर्धा तास पोचलो. दाजींची ताकीद होती की, आत शिरताच पहिल्या पाळण्यापाशी थांबायचे नाही. बहुतेक लोक तिथेच थांबतात. सरळ टोकाला जायचे आणि परत येत यायचे. जेवण साडेअकराला उरकायचे; एक ते दोन सगळे जग खानावळीत असते, तेव्हा पाळणे मोकळे.

आईचा पहिला मान मेरी-गो-राउंडचा. घोड्यावर गुडघे चढेनात, पण घोड्यांच्या मध्ये एक रथ होता. चालवणाऱ्या मुलाने हात देऊन तिला त्यात बसवले, शेजारी नात बसली. पिशव्या मी घेतल्या, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलो.

पाळणा फिरू लागला. पहिल्या फेरीला आईने पदर घट्ट धरला होता. दुसऱ्या फेरीला ती मला शोधत होती. तिसऱ्या फेरीला तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती समोर, वर, झाडांकडे पाहत होती, आणि तिच्या शेजारची रथातली थोडी जागा तिने मोकळी ठेवली होती. ती नातीसाठी असावी असे मी म्हणेन; पण नात दुसऱ्या बाजूला बसली होती.

पाळणा थांबला. आई पिशव्यांकडे हात करीत उठू लागली, तोच तो मुलगा म्हणाला, "आजी, कशाला उतरता? बसून राहा. मागं कुणी नाही."

"पुन्हा तिकीट?"

"नाही हो, बसा तुम्ही."

ती तीनदा बसली. मग छोट्या आगगाडीत बसली, दुपारी पावसाची एक सर आली तेव्हा छपराखाली बसून भजी खाल्ली, आणि चार वाजता आपण होऊन म्हणाली, "आता पुरे." त्या दिवशी मुलांनी अकरा पाळणे केले, पण तो हिशेब ज्याचा त्याने ठेवावा.

तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलांना लाडू द्या, पत्ते द्या, हा अंक द्या, पण तिकडे फिरकू नका. कॅलेंडर खाली काढा, शाळेला खरे सांगा, आणि घरातले कोण सामान सांभाळत बसते, ते आधी पाहून ठेवा.

आमच्या कॅलेंडराची पाने मात्र हल्ली कोणी तरी पुढे उलटून ठेवते. परवा पाहिले तो पुढच्या भाद्रपदातल्या एका मंगळवारभोवती पेन्सिलीने चौकोन काढलेला. दाजींना विचारले, तर ते म्हणाले, अक्षर माझे नव्हे.