दुखरा खांदा आणि साखर

मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची चिंता वाहिली जाते. सांधे मात्र उपेक्षितच राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वाढलेली साखर सांध्यांभोवतीच्या कोलॅजन तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. मग कोणाचा खांदा आखडतो, तर कोणाच्या नमस्काराच्या तळहातांत फट उरते. हे दुखणे वयाच्या माथी मारले जाते आणि हालचाल मंदावते. वस्तुतः जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच शोषून घेतात. ते क्षीण झाले की साखर अधिकच चढते. हे दुष्टचक्र वेळीच ओळखावयास महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रत्येक तपासणीत रुग्णास हात जोडावयास व उंचावयास सांगावे आणि गरजेनुसार व्यायाम शिकवावा, एवढे तरी सरकारी दवाखान्यांनी केलेच पाहिजे.